नऊ आत, नऊ बाहेर

१

एप्रिलच्या त्या मंगळवारी दुपारी तीनचा चहा घेऊन स्वयंपाकीण शामकला मागच्या बाजूला गेली, तेव्हा तिच्या ट्रेमध्ये सहा कप होते. परत आली तेव्हा एक कप भरलेलाच होता.

"सुखवंताबाई नाही खाटेवर," ती म्हणाली. "न्हानीत नाही, कुठीच नाही."

मुर्री रस्त्यावरचं ‘आसरा’ वृद्धनिवास तसं लहानच. पुढच्या बाजूला बारा म्हातारे-म्हाताऱ्या. मागच्या बाजूला, जाळीच्या दरवाजापलीकडे, सहा जण. पुढचे आपल्या पायांनी बागेत हिंडत, पेपर वाचत, भांडत. मागच्यांना आज कोणता वार, हे सांगून उपयोग नव्हता. सुखवंताबाई टेंभरे तिथं दोन वर्षांपासून होत्या. दिवसभर एकच धोशा: "घरी कवा जायचं?" कोणतं घर, ते त्यांना सांगता येत नसे.

सगळ्या आवाराला पुरुषभर उंचीची भिंत, तिच्यावर काचा. फाटक एकच, आणि फाटकावर बकाराम. तो उठल्याशिवाय फाटकाची कडी निघत नसे.

व्हरांड्यातल्या खुर्चीत जीवनलाल कटरे बसले होते. ते पुढच्या बाजूचे, सहा नंबरच्या खोलीतले. वय शहात्तर. चौतीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस, त्यातली निम्मी गोंदिया जंक्शनवर. जेवण झालं की ते फाटकाकडे तोंड करून बसत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोजत. मोजायचं कारण काही नव्हतं. सवय होती.

व्यवस्थापिका प्रेमिला बिसेन सकाळपासून गोंदियात बैठकीला होत्या. फोन गेला तशा चार वाजता धावतपळत आल्या. त्यांनी पहिला प्रश्न बकारामला केला आणि दुसरा जीवनलालांना.

"काका, तुम्ही इथंच होता?"

"जेवणापासून इथंच. एक वाजता मुर्रीचं भजनी मंडळ आलं. नऊ बाया. अडीच वाजता गेल्या. नऊच. त्यांच्याशिवाय कोणी आत आलं नाही, की बाहेर गेलं नाही."

"तुम्हाला डुलकी लागली असेल."

"नाही लागली."

प्रेमिलाताईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून जीवनलालांना ती जास्त लागली.

"काका, मागच्या महिन्यात तुम्ही एकाच दुपारी दोनदा जेवायला आला होता. नळ रात्रभर वाहत होता. तुमचा मुलगा धनेंद्र उद्या संध्याकाळी येतोय. मी तुम्हाला सांगणारच होते. डॉक्टरांनी तुमच्यासाठी मागची बाजू सुचवली आहे. धनेंद्र सही करायला येतोय."

म्हणजे म्हातारी सापडली नाही तर दोष दोघांचा. बकारामची नोकरी जाणार, आणि ते स्वतः जाळीच्या पलीकडे.

२

संध्याकाळी चौकीतून दोन पोलीस आले. गावची माणसं घेऊन शेजारच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, बांबू घालून पाहू लागले. उन्हाळ्यामुळे बोडीत पाणी कमरेएवढंच होतं, पण गाळ खोल होता. व्हरांड्यातून ते सगळं दिसे. बांबू वर आला की जीवनलालांचा श्वास अडके, आणि बांबू पुन्हा खाली गेला की सुटे.

त्यांना बसवेना. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी चाळीस फेऱ्या मारल्या. आपण खरंच झोपलो होतो का? झोपलेल्या माणसाला आपण झोपलो हे कळतं का? गाडीत त्यांनी हजारो माणसं पाहिली होती, जी शपथेवर सांगत की आम्ही जागेच होतो, स्टेशन आलंच नाही.

मग त्यांनी बकारामला गाठलं. तो फाटकाजवळच्या स्टुलावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"बकाराम, खरं सांग. तंबाखूचा खर्रा आणायला गेला होतास का?"

"नाही गेलो, काका. सकाळीच दोन पुड्या घेऊन ठेवल्या होत्या. तुमी समोरच बसून होते नं. मी उठलेला दिसलो काय तुमाले?"

"मंडळातल्या बायका मोजल्यास?"

"मोजल्या. फळीवर खडूच्या रेघा हायेत." त्यानं दाखवल्या. आत नऊ, बाहेर नऊ. "तोंडं नाही पाह्यली. उन्हाच्या मारे सगळ्यायनं पदर तोंडावर घेतला होता. एकसारखी हिरवी लुगडी. मी डोकशी मोजली."

जीवनलालांनी मान हलवली. दोघांचा हिशेब जुळत होता. दोन माणसं वेगवेगळ्या जागी बसून मोजतात आणि आकडा एकच येतो, याचा अर्थ आकडा बरोबर. मग झोपेचा प्रश्नच नाही.

त्यांना जरा हुरूप आला. "अजून एक सांग. मागं एक बाई हातात डबा घेऊन यायची. तू तिला फाटकातूनच परत पाठवायचास. तीनदा पाह्यली मी. ती कोण?"

बकारामनं इकडंतिकडं पाहिलं. "सोनिका. सुखवंताबाईची पोरगी. मुर्रीतच राहते. तिनं जातीबाहेर लगन केलं, म्हणून भाऊ ओमेश्वर बोलत नाही तिच्याशी. त्यानं मॅडमले सांगून ठेवलं होतं, बहीण आली तर आत घ्याची नाही. मी हुकमाचा माणूस, काका. डबा पन ठेवून नाही घेतला मी."

"आज आली होती?"

"आज नाही. तिचं तोंड मी वळखतो."

पण आज तर त्यानं एकही तोंड पाहिलं नव्हतं.

३

बुधवारी सकाळी ओमेश्वर टेंभरे मोटारसायकलवरून आला आणि कार्यालयात उभ्यानंच बोलू लागला. आईला कुणीतरी पळवलं, तुम्ही निष्काळजी आहात, मी तुम्हाला सोडणार नाही. प्रेमिलाताई खाली मान घालून ऐकत होत्या. जीवनलाल दारात जाऊन उभे राहिले.

"बहिणीकडं विचारलं का?" त्यांनी विचारलं.

"रात्रीच पोलिसाले पाठवलं होतं. नाही म्हणे." ओमेश्वर वळला. "तुम्ही कोण?"

"मी तुझ्या आईचा शेजारी होणार आहे," जीवनलाल म्हणाले आणि तिथून निघाले.

म्हणजे पोलिसांनी दारात विचारलं, आणि आतून कुणीतरी नाही म्हटलं. तेवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं. आणि म्हातारी फाटकातून बाहेर कशी पडली, हे कळल्याशिवाय कुणाकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता.

ते स्वयंपाकघरात शामकलाकडे गेले. ती तांदूळ पाखडत होती आणि सुपाबरोबर तोंडही चालू होतं. लोक तिलाही विचारून राहिले होते. सुखवंताबाई स्वयंपाकघरात घुसून पिठाचे डबे उघडते म्हणून ती तिच्यावर ओरडायची, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मी ओरडत होती, खरं हाय. म्हनून का मी तिले हाकलून देईन?"

"तसं कोण म्हणतं? काल भजनाला मागच्या लोकांना कोणी नेलं?"

"मीनंच नेलं, पाच जनाले. सुखवंताबाई नाही आली. टाळाच्या आवाजानं तिचं डोस्कं फिरते. खाटेवर बसवून जाळीले कुलूप लावून मी चुलीकडं आली. भजन झालं तं दुपारची आया रविता जाळीजवळ उभीच होती. तिनं पाचही जनाले आत घेतलं. मंग तीन वाजता मी चहा घेऊन गेली." शामकलानं सूप थांबवलं. "रविता म्हने, द्या, मी नेते. एरवी चहाले हात नाही लावत ते पोरगी. मी म्हटलं, राहू दे, मीच जातो. बरं झालं गेली, नाही तं कवा समजलं असतं?"

जीवनलालांनी हे ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. "तिच्या खाटेजवळ काही दिसलं?"

"काही नाही. गादीखाली लुगडं होतं. काल सकाळी मीनंच नेसवलं होतं, निळ्या फुलाचं. घडी करून ठेवलं होतं."

"घडी करून?"

"हो. चांगली चौपदरी."

शामकला आपण काय बोललो ते आपणच ऐकत राहिली. सुखवंताबाईंना वर्षभरापासून पदरही खांद्यावर टाकता येत नव्हता.

म्हणजे कुणीतरी त्यांचं लुगडं सोडलं होतं आणि दुसरं नेसवलं होतं.

४

जीवनलाल पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसले. समोर फाटक, फाटकावर ऊन. त्यांनी डोळे मिटले आणि कालची दुपार पहिल्यापासून लावू लागले.

नऊ हिरवी लुगडी आत आली. नऊ बाहेर गेली. बाहेर जाणाऱ्यांत सुखवंताबाई असतील तर बाकीच्या आठ मंडळातल्या. मग आत आलेल्या नऊपैकी एक कुठं गेली? बाहेर गेली नाही. म्हणजे आतच राहिली.

आत राहिलेली अनोळखी बाई कुणाला दिसली नाही. का? कारण ती अनोळखी नव्हती.

त्यांनी डोळे उघडले. पायऱ्यांकडे पाहिलं. काल भजनी मंडळ गेल्यावर तिथं चपलांचा एक जोड उरला होता. तांबड्या पट्ट्यांच्या चपला. त्या वेळी त्यांच्या मनात आलं होतं, एवढ्या उन्हात कोणी बाई अनवाणी गेली? आणि संध्याकाळी तो जोड नव्हता. गाडीत ते माणसाचं तोंड नंतर पाहत, आधी पाय पाहत. पाय खोटं बोलत नाहीत.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. रविता आली होती. तिची पाळी दोनची, पण शोधाशोधीसाठी सकाळीच बोलावलं होतं. ती पायऱ्या चढली, चपला काढल्या. तांबड्या पट्ट्या.

"रविता," ते म्हणाले, "काल तू किती वाजता आलीस?"

"दोन वाजता, काका. रोजचीच वेळ."

"एक ते अडीच या वेळात बकारामनं एकदाही कडी काढली नाही. मीही कोणाला येताना पाह्यलं नाही. तरी अडीच वाजता तू जाळीजवळ उभी होतीस. मग आलीस कशी?"

 तिनं खांबाला हात टेकला.

"मी सांगतो. तू मंडळाबरोबर एक वाजता आलीस, मंडळाच्या लुगड्यात. भजनाला दिवाणखान्यात गेलीच नाहीस. तुझ्याकडे जाळीची किल्ली असते. आत जाऊन तुझं लुगडं तू सुखवंताबाईंना नेसवलंस आणि स्वतः खुंटीवरचा ड्यूटीचा ड्रेस घातलास. त्यांचं लुगडं घडी करून ठेवलंस, कारण तुला घडी करायची सवय आहे. मंडळ निघालं तेव्हा त्या मधोमध, तोंडावर पदर. आत नऊ, बाहेर नऊ. त्या आपल्या रबरी चपला घालून गेल्या, म्हणून तुझ्या इथंच राहिल्या."

रविता खाली बसली. पायरीवरच. 

"काका, एक विचारू? तुम्ही काल काऊन नाही सांगितलं?"

"काल मला कुठं माहीत होतं?"

तिनं वर पाहिलं. "मी येतानी तुमच्याशी बोलली होती नं. याच पायरीवर. पदर बाजूला करून म्हटलं, काका, जेवन झालं का? तुम्ही म्हटलं, आज मंडळात शिरली काय, हिरवीगार दिसून राहिली. मी हासली. मंग कालपासून मी एकच विचार करून राहिली, का काकाले सगळं माहीत हाय आन् ते मले वाचवून राहिले."

जीवनलाल तिच्याकडे पाहत राहिले. तिच्या बोलण्यातला एक शब्दही त्यांना ओळखीचा वाटत नव्हता.

५

ते दोघं ऑटोनं मुर्रीत सोनिकाकडे गेले. वाटेत रवितानं उरलेलं सांगितलं. सोनिका तिच्या घरापासून चार घरं सोडून राहते. तीनदा फाटकातून परत पाठवल्यावर ती रविताच्या ओसरीवर बसून रडली होती. एक वेळचं जेवण आईला आपल्या हातानं वाढायचं, एवढंच तिचं मागणं होतं. मंडळातल्या आठही जणींना माहीत होतं. पाच वाजता बकाराम दूध आणायला जातो, अर्धा तास फाटकावर रविता असते. तेवढ्यात म्हातारीला परत आणायचं ठरलं होतं. प्रेमिलाताई सातशिवाय येणार नव्हत्या.

"शामकलाबाईनं चहा नेला आन् सगळं बिघडलं. मंग पोलीस आले. मी भेली, काका. सोनिकाही भेली."

"बोडीत बांबू टाकून राहिले होते लोक. तू पाहत होतीस."

"पाहत होती," रविता म्हणाली.

सोनिकाचं घर दोन खोल्यांचं, कवेलूंच्या छपराचं. दारात तिचा नवरा जागेश्वर उभा होता. जीवनलालांना पाहून तो बाजूला झाला. तो बहुधा कुणीतरी येण्याचीच वाट पाहत होता. आत सुखवंताबाई हिरव्या लुगड्यात भिंतीला धरून चालत होत्या. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि परत. सोनिका त्यांच्यामागून चालत होती. तिचे डोळे सुजले होते.

"घरी कवा जायचं?" म्हातारी म्हणाली.

"रातभर हेच," सोनिका म्हणाली. "मी म्हटलं, आई, हेच घर. तं मले म्हने, तू कोन वं? चांगल्या घरची दिसते, मले घरी नेऊन दे." तिनं नाक पुसलं. "मले वाटलं होतं, माझ्या हातचं खाईन तं आठवन येईन."

"आलीच नाही का?"

"एकदा आली. काल दुपारी. पहिला घास घेतला आन् म्हने, सोनी, डाळीत मीठ कमी हाय. मी मीठ आनाले आत गेली. परत आली तं विसरून गेली होती."

ती हे सांगत असताना हसत होती की रडत होती, ते जीवनलालांना कळलं नाही. पण त्यांना हे कळलं की तेवढ्या एका वाक्यासाठी ही पोरगी पुन्हा हेच करील.

"चला," ते म्हणाले. "सगळेच चला. तू पण. फाटकातून, तोंड उघडं ठेवून."

"भाऊ असन तिथं."

"असू दे."

६

फाटकात बकारामनं कडी काढली, सोनिकाकडं पाहिलं आणि तो आपोआप बाजूला सरकला. रविताकडं मात्र त्यानं पाहिलं नाही. पुढं चार-पाच महिने तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

कार्यालयात जीवनलालांनी सगळं क्रमानं सांगितलं. लुगडं, चपला, बंद कडी. प्रेमिलाताईंच्या चेहऱ्याचा रंग बदलत गेला. मधे त्यांनी एकदाच उठून चौकीला फोन केला, बाई सापडली म्हणून. ओमेश्वर बहिणीवर धावून जायला निघाला, तेव्हा त्या दोघांच्या मधे उभ्या राहिल्या.

"तुमची बहीण आत येऊ नये, हे तुम्ही मला तोंडी सांगितलं. मी ऐकलं, ती माझी चूक. तुम्हाला हवं असेल तर कागदावर लिहून द्या. मी तो कागद घेऊन वरच्या साहेबांकडे जाईन आणि विचारीन, मुलीला आईकडे येण्यापासून अडवता येतं का?"

ओमेश्वरनं आईकडं पाहिलं. आईनं त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, तुमची गाडी घरी जाते काय?" तो काही लिहून न देताच गेला. जाताना मोटारसायकल त्याला दोन-तीन किका मारूनही सुरू होईना.

रविताला प्रेमिलाताईंनी पंधरा दिवस घरी बसवलं. सोनिकाचं नाव भेटीच्या वहीत लिहिलं. रोज बारा वाजता, डब्यासह. म्हातारीला शामकलानं आत नेऊन निळ्या फुलांचं लुगडं नेसवलं.

सगळे गेल्यावर प्रेमिलाताई म्हणाल्या, "काका, माझं चुकलं. तुमचा आकडा बरोबर होता. मी धनेंद्रला फोन करते, सही राहू दे म्हणून."

जीवनलाल खुर्चीतून उठले नाहीत. त्यांना हेच ऐकायचं होतं. कालपासून याचसाठी त्यांचा जीव वरखाली होत होता. आता फक्त गप्प बसायचं होतं. रविता सांगणार नव्हती; तिला तर अजूनही वाटत होतं की काकांनी मुद्दामच झाकलं.

"एक राहिलं," ते म्हणाले. "ती आत येताना माझ्याशी बोलली. तोंड उघडं करून. मी तिला ओळखलं, थट्टाही केली. आणि तीन तासांनी ते माझ्याजवळ नव्हतं. अजूनही नाही. मी दिवसरात्र डोकं शिणवून जे शोधलं, ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, ताई. मी सांगितलं असतं तर बोडीत बांबू पडले नसते."

प्रेमिलाताईंनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हे तुम्ही सांगायची गरज नव्हती."

"माहीत आहे."

धनेंद्र सहा वाजता आला. वडील चिडतील, रडतील, म्हणून नागपूरपासून तो मनात वाक्यं जुळवत आला होता. जीवनलालांनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि त्यानं तोंड उघडायच्या आत कागद मागितला. चष्मा लावून तो पूर्ण वाचला. धनेंद्रची सही जिथं व्हायची होती, तिच्या वरच्या जागेत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर अजून खणखणीत होतं.

"बाबा, लगेच नको. पावसाळा होऊ द्या."

"होऊ देऊ. तारीख तू नाही, मी सांगीन. सांगायचं विसरलो, तर ताई सांगतील."

धनेंद्र खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. त्याला तसंच राहू देऊन जीवनलाल बाहेर आले आणि जाळीच्या दरवाजापाशी गेले. आत शामकला सुखवंताबाईंना भात भरवत होती.

"शामकला, कुलूप काढ जरा."

"काऊन, काका?"

"आत सातवी खाट कुठं लागेल ते पाहू दे. खिडकीजवळ जागा असेल तर आत्ताच सांगून ठेवतो."

शामकलानं हात धुतले, पदराला पुसले आणि किल्ली काढली. दार उघडलं. जीवनलाल आत गेले, आणि खोलीच्या चारही भिंती नीट पाहू लागले.